सरकीची थैली

सत्तरच्या दशकात, केळझरच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावात, माझी ख्याती एकच: घंटा झाली की ही पळते. मी तिसरीत होते. शाळेची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. मोठे गुरुजी त्यावर लोखंडी सळाख हाणायचे आणि तो आवाज माझ्या दातांतून शिरून थेट टाळूला जायचा. त्यात सगळा वर्ग एका सुरात पाढे ओरडायचा, बसायची तरटपट्टी मांड्यांना टोचायची, शेजारणीचं कोपर लागायचं. घंटा झाली की मी दाराबाहेर धूम! नाटकी, लाडावलेली, सगळी विशेषणं मिळाली. धपाटेही मिळाले. धपाट्याने कान बंद होत नाहीत, एवढी साधी गोष्ट कोणाला कळू नये याचा मला आजही राग येतो.

त्या वर्षी पुलगावहून नवीन बाई आल्या. दिवाळीनंतर एका दुपारी मी पळाले, तर बाई पदर खोचून माझ्यामागे! थेट घरापर्यंत. त्या दिवसांत आमच्या मधल्या खोलीत वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत रचलेला असे. बाई पोचल्या तेव्हा मी त्या ढिगात स्वतःला गळ्यापर्यंत गाडून घेतलं होतं आणि बाबा दारात उभे राहून ओरडत होते.

"पाहा जी बाई! शाळेत बसत नाई, अन् इथं माल मैला करून राह्यली. संक्रांत झाली का नाव काढून टाकतो इचं."

मला घंटा नको होती, शाळा हवी होती. पण हे सांगायचं कसं?

बाई खाली वाकल्या. "काऊन वं, इथं बरं वाटते तुले?"

"हो जी. अंगावर दबते न, मंग डोक्यातला कल्ला थांबते."

असं मला कोणी कधी विचारलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून माझी जागा भिंतीच्या कडेला गेली. बसायला घरची घडी केलेली गोधडी आली. घंटा व्हायच्या आधी बाई माझ्याकडे पाहून बोट वर करायच्या, म्हणजे आवाज अचानक येत नसे. शिवाय मांडीवर ठेवायला एक थैली शिवून द्या, असा निरोप त्यांनी आईला पाठवला. आईने हौसेने शिवली आणि ढिगातला सगळ्यात पांढरा, मऊ कापूस तिच्यात ठासून भरला. घंटा झाली, मी पळाले. थैली पिसासारखी उडून पडली आणि वर्ग खो खो हसला.

बाईंनी थैली उचलून पाहिली आणि संध्याकाळी आईकडे आल्या. "अवो, हे तर फूल आहे! ढीग नरम होता म्हणून नाई, जड होता म्हणून बसे पोरगी."

आई गोठ्यात गेली आणि बैलांना चारायची सरकी, म्हणजे कपाशीचं जड बी, ओंजळी-ओंजळीने थैलीत भरू लागली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! ती थैली मांडीवर आली आणि काय सांगू, माझे पाय पहिल्यांदाच माझे झाले. खिडकीतून एक गाय मात्र रोज माझ्या मांडीवर डोळा ठेवून असायची.

संक्रांत झाली. बाबा बोलल्याप्रमाणे नाव काढायला आले आणि कडुलिंबाखाली उभे राहिले. शाळा सुटायची वेळ होती. गुरुजींनी सळाख उचलली. बाईंनी बोट वर केलं. मी दोन्ही हातांनी थैली दाबून धरली.

ठण्ण!

सगळा वर्ग उठून पळाला. पाट्या आपटल्या, धूळ उडाली, दारात रेटारेटी झाली. धूळ बसल्यावर बाबा आत डोकावले, तर अख्ख्या वर्गात मी एकटी बसलेली.

"घरी नाई यायचं का वं?"

"थांबा न बाबा, एवढं गणित करतो."

बाबा गुरुजींकडे गेलेच नाहीत. माझं गणित होईस्तोवर शाळेच्या पायरीवर बसून राहिले.