डोनल आजोबांचा काचेचा डोळा

डोनल आजोबांचा डावा डोळा ज्याने फोडला, त्याचं नाव त्यांनी पोलिसांना सांगितलं नाही.

पुढे त्याच जागी ज्याने पुन्हा मारलं, त्याचंही नाही.

तो दुसरा माणूस म्हणजे माझे बाबा.

हे मी बाबांना विचारून लिहितेय. ते म्हणाले, "लिही. आणि 'एक गृहस्थ' वगैरे नको. बाबा लिही."

डोनल आजोबा परवा गेले. इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये, आमच्या शेजारच्या घरात लेकीकडे राहायचे. त्याआधी ते आयर्लंडच्या पार्लमेंटमध्ये होते.

मी लहानपणी शाळेत जात नव्हते, आई घरीच शिकवायची. सिव्हिक्स, म्हणजे नागरिकशास्त्र, मात्र तिने डोनल आजोबांकडे सोपवलं होतं. त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं. चहा आणि गोष्टी.

त्यांच्या वेळची मंदी. गावातला कारखाना बंद, तरुण पोरं बोटीने परदेशी, वर सरकार हॉस्पिटल बंद करायला निघालेलं. हे दर अधिवेशनात उभे राहून तेच दोन प्रश्न विचारायचे. नोकऱ्या कुठे आहेत? हॉस्पिटल का बंद करताय?

गावाला वाटायचं, हा नुसता बोलतो.

एका रविवारी चर्चबाहेर कारखान्यातल्या एकाने त्यांना गाठलं. हातात हर्ली, म्हणजे तिकडच्या खेळाची रुंद पात्याची लाकडी काठी. पहिल्या फटक्यात गालाचं हाड गेलं. दुसऱ्यात डोळा.

मी विचारलं होतं, नाव का नाही सांगितलं?

"त्या वर्षी त्याचं आधीच पुष्कळ गेलं होतं."

त्याच हिवाळ्यात त्या माणसाची आई वारली. तिकडे खासदाराने मतदारसंघातल्या प्रत्येक मयताला जायचं असतं. रांगेत उभं राहायचं, घरच्यांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "सॉरी फॉर युअर ट्रबल." तुमच्यावर ओढवलं त्याचं वाईट वाटतं, एवढंच.

हे डोळ्यावर पट्टी बांधून गेले. रांगेत त्याच्यासमोर आले. हात पुढे केला.

तो हात ज्याने घेतला, तो तिथेच खाली बसला म्हणे.

मग आमच्याकडची मंदी आली.

बाबा ऑटो कंपनीतून ले-ऑफ झाले. वेअरहाउसमध्ये दिवसाची शिफ्ट मिळाली. गाडी एकच. आजीला डायलिसिसला सिटीची व्हॅन न्यायची, आणि सिटीने बजेटसाठी तीच व्हॅन बंद करायचं ठरवलं. डायलिसिस चुकलं की आजीच्या अंगावर सूज यायची, धाप लागायची. आमच्या घरात त्या व्हॅनचा अर्थ आजी असाच होता.

सिव्हिक्सचा तास म्हणून डोनल आजोबा मला सिटी कौन्सिलच्या मीटिंगला घेऊन गेले. बाबा बोलायला उभे राहिले. आजीचं सांगायला लागले तोवर माइक बंद. टाइम अप. वरून एक अधिकारी समजावल्यासारखं म्हणाला, फॅमिलीने आपल्या माणसांची जबाबदारी घ्यायला हवी.

माझे बाबा झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात.

ब्रेकमध्ये तो अधिकारी कॉरिडॉरमध्ये पाठमोरा उभा होता. बाबांनी भिंतीला टेकवलेली लोखंडी फोल्डिंग खुर्ची उचलली आणि त्याच्या डोक्यावर घालायला धावले. मला आजही खात्री आहे, तो माणूस मेला असता.

डोनल आजोबा मध्ये घुसले.

खुर्चीची कड त्यांच्या डाव्या भुवईवर बसली. आवाज ओला होता. रक्त डोळ्याच्या खोबणीत भरलं आणि शर्टवर सांडायला लागलं. काचेचा डोळा कार्पेटवर पडला. तो गोटीसारखा नसतो, उथळ वाटीसारखा असतो. मी तो उचलला, कारण काय करायचं ते मला कळत नव्हतं.

बाबांनी खुर्ची सोडली नव्हती.

पोलीस आला. अधिकारी वळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं, त्याला काही दिसलं नव्हतं. बाबांकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं, सिटिझनशिप नव्हती. अशा केसमध्ये देशाबाहेर काढतात, हे आमच्या ओळखीच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

डोनल आजोबा भिंतीला टेकले होते. दातांत रक्त.

"हा गृहस्थ मला बसायला खुर्ची देत होता," ते म्हणाले. "त्या बाजूने मला दिसत नाही. मीच आदळलो."

पोलीस माझ्याकडे वळला.

"पोरीला विचारू नका. मार मला लागलाय, मला विचारा."

दुसऱ्या दिवशी टाके घातलेल्या भुवईने ते आमच्या दारात उभे. बाबा त्यांच्या पायाशी वाकायला लागले, तर यांनी त्यांची कॉलर धरून सरळ केलं. खुर्ची एकदाच मारता येते, म्हणाले. प्रश्न दर मीटिंगला मारता येतो. चल.

आणि दोघं दर मीटिंगला गेले. तेच दोन प्रश्न, फक्त हॉस्पिटलच्या जागी व्हॅन, आळीपाळीने. माइक बंद झाला की पुढच्या वेळी पुन्हा. व्हॅन चालू राहिली.

पुढच्या थंडीत आजी गेली, पण घरी, तिच्या पलंगावर. गुदमरून नाही.

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणतात. शेजारी डोनल आजोबा. ते त्यांच्या गावच्या रीतीने एग सँडविचेस घेऊन आले. सुतकात. अंडं. आत्याने ताट उचलून बाजूला ठेवलं.

डोनल आजोबांनी बाबांचा हात हातात घेतला. सॉरी फॉर युअर ट्रबल.

अंड्याच्या केकलाही हात न लावणाऱ्या बाबांनी ताट परत आणलं आणि त्यांच्यासमोर एक सँडविच संपवलं.

आज फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शन. सकाळी बाबांनी स्वतः पिठलं केलं, जरा गुठळ्या झाल्या. डोनल आजोबांच्या घरी, किचनमध्ये सँडविचेसच्या ढिगाशेजारी पातेलं ठेवलं.

रांगेत बाबांनी त्यांच्या लेकीचा, नोरा मावशीचा हात घेतला. ठरलेलं वाक्य म्हणाले. मग पुढे सरकेनात.

"नोरा, ती खुर्ची..."

"माहीत आहे," ती म्हणाली. हात सोडला नाही. "डॅड म्हणायचे, अख्ख्या मिशिगनमध्ये मला उठून खुर्ची देणारा एकच माणूस भेटला."

बाबा हसले. मग तिथेच खाली बसले.

डोनल आजोबा, खूप उभे राहिलात. आता बसा.