पकडल्यावर उठायचं असतं

रुळावर हातोडी मारली की चांगला रूळ टण्ण वाजतो. तडा गेलेला नुसता ठक्क म्हणतो. तरुणपणी रेल्वेत असताना झाशीजवळच्या मोठ गावाकडे रूळ तपासत मैलोन् मैल चालायचो, तेव्हाचे ते दोन आवाज अजून कानात आहेत. शाळेत मी फार गेलो नाही. जे शिकलो ते कानांनीच.

आता माझी नात मुक्ता झाशीत मुलींच्या रग्बी लीगची स्पर्धा भरवते. आसपासच्या गावांतून टीम येतात. मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचं काम माझ्याकडे. ते झालं की मी काठावर बसतो. शेजारी पाण्याच्या बाटल्या साठतात, चपला साठतात, आणि किस्सेही साठतात.

\*

पहिल्या वर्षी मी दोरी लावून रुळासारख्या सरळ रेषा आखल्या. मुली मैदानात यायला लागल्या तसा मी हात पसरून आडवा उभा राहिलो. "पाय देऊ नका गं! पुसतील!"

मुक्तानं डोक्याला हात लावला. "आबा, हा पूरा खेळ रेषेपलीकडे जायचाच आहे!"

पण मुली गुणी. त्या दिवशी प्रत्येक मुलगी माझ्या रेषेवरून उडी मारून गेली. समोरून अंगावर येणारीसुद्धा!

\*

टहरौलीची टीम आली ती सगळी कबड्डी खेळणाऱ्या मुलींची. मुक्तानं नीट समजावलं. चेंडू घेऊन पळायचं. पकडून पाडलं तर उठायचं, चेंडू पायानं मागे सरकवायचा आणि पुन्हा खेळायचं. सहाव्यांदा पकडलं की चेंडू समोरच्यांचा.

"समजलं?"

"हओ, दीदी!"

शिट्टी झाली. पूनम नावाची शिडशिडीत मुलगी चेंडू घेऊन सुटली. दोघींनी तिला पाडलं. ती उठली, कपडे झटकले, चेंडू तिथेच ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"काय गं, लागलं का?"

"नहीं दद्दा. पकड़े गए, तो आउट."

थोड्या वेळात माझ्याशेजारी टहरौलीच्या चार मुली ओळीनं बसल्या होत्या. मैदानातून मुक्ता ओरडली, "आबा, आधी त्या मुली परत पाठवा!"

\*

इकडे बुंदेलखंडात मुली कुणाच्या पाया पडत नाहीत. उलट मोठी माणसंच मुलींच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावतात. भावजय नणंदेच्या पाया पडते आणि नणंद तिला आशीर्वाद देते.

पूनमचा भाऊ मोठच्या बाजारात कामाला आहे. त्याची बायको सुनीता मोठच्या टीममध्ये. मोठ आणि टहरौलीचा सामना लागला, तेव्हा पूनम सुसाट निघाली आणि आडवी आली सुनीता. सुनीतानं झेप घेऊन नणंदेचे दोन्ही पाय धरले. पूनम तोंडावर पडली. तोंडात माती, डोळे मिटलेले, आणि सवयीनं म्हणते कशी, "सुखी रओ, भौजी!"

पंचांना हसू आवरेना. शिट्टी तोंडातच राहिली, वाजेचना!

\*

हा किस्सा झाशीहून टहरौलीला पोचायला एक दिवस लागला. तिथे पूनमच्या वडिलांना, रामसेवकजींना, तो ऐकून हसू आलं नाही. त्यांनी निरोप पाठवला : फायनलच्या दिवशी येतोय, बिन्नूला, म्हणजे लेकीला, घरी नेतोय, हा खेळ आता बंद.

मुक्ता म्हणाली, "आबा, तुम्ही बोला ना त्यांच्याशी." मी! मला एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात लोक चहा पिऊन येतात.

\*

फायनलला रामसेवकजी आले, ते सामना सुरू झाल्यावर. पूनमची बॅग मुलींच्या सामानातून आधीच काढून खांद्याला लावली होती. येऊन नेमके माझ्याशेजारी उभे राहिले.

"दद्दा, जिन पाँवों को हम हाथ लगाते हैं, उन्हीं को खींचकर बिटिया को कीचड़ में गिराते हो?"

चिखल माझ्यामुळेच झाला होता. धूळ बसावी म्हणून सकाळी पाणी मारलं, ते जरा जास्तच झालं. मी म्हणालो, "रामसेवकजी, बात ऐसी है कि..."

तेवढ्यात आमच्या समोरच पूनमला तिघींनी पाडलं. रामसेवकजींनी माझा दंड धरला. पडण्याचाही आवाज असतो, टण्ण की ठक्क, आणि हा मला ऐकूच आला नाही.

ती उठली. इकडे पाहिलं, वडील दिसले. क्षणभर वाटलं, चेंडू ठेवून येते की काय आमच्याकडे. पण तिनं चेंडू पायानं मागे सरकवला आणि पुन्हा पळत सुटली. पुन्हा पाडलं. पुन्हा उठली. माझ्या दंडावरची पकड सुटली. रामसेवकजी मोजत होते, "तीन... चार..."

टहरौली हरली. थोडक्यात हरली.

पूनम मान खाली घालून आमच्यासमोर आली. बॅग घ्यायला हात पुढे केला. रामसेवकजींनी बॅग खांद्यावरून उतरवली आणि तिच्या बाजूला जमिनीवर ठेवली. मग वाकले. तिच्या दोन्ही बुटांना हात लावला आणि चिखलाचा तो हात तसाच कपाळाला लावला.

माझं वाक्य अजून अर्धंच होतं. "बात ऐसी है..."

त्यांनी ऐकलं नाही. माझ्या चुन्याच्या रेषेवर पाय न देता, वरून लांब पाऊल टाकून, ते एकटेच फाटकाकडे चालत गेले.