बर्गंडीला खिमा

बळवंतकाका पेला आधी नाकाशी नेत, मग डोळे मिटत, आणि मग इतका वेळ गप्प बसत की नवख्या पाहुण्याला वाटावं, म्हाताऱ्याचा डोळा लागला. कुणी चुळबुळ केली तर डोळे न उघडताच म्हणत, "अरे भिया, घाई मत करो. नाव नंतर, पहले चव!"

लग्न होऊन मी साताऱ्याहून इंदूरला आले आणि आम्ही काकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. संस्थानाच्या काळात काका राजवाड्याच्या आबदारखान्यात होते. पाहुण्यांपुढे जाणारी विलायती वाईन आधी चाखून पाहायची, हे त्यांचं काम. संस्थान गेलं, मध्य प्रदेश झाला, आणि काका आबकारी खात्यात कारकून झाले. आयुष्यभर चाखलेल्या मालाचे आता नुसते कागद हलवायचे! त्यावर ते स्वतःच हसत. "नोकरी गेली, सूनबाई, पर जबान तो अपनी है," असं म्हणत आणि जिभेला बोट लावून दाखवत.

ती जीभ वर्षातून एकदा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, कसाला लागे. महूच्या छावणीतले त्यांचे दोस्त मेजरसाहेब तीन बाटल्या आणत. तिन्ही लाल वाईन: फ्रान्सची क्लॅरेट, फ्रान्सचीच बर्गंडी आणि एक गोव्याची. काकांच्या दरबारी साफ्यातून काकूंनी तीन खोळी शिवल्या होत्या. त्या बाटल्यांवर चढवायच्या, म्हणजे कुणालाच नाव दिसू नये. मी पिणाऱ्यांतली नव्हे, म्हणून हे काम माझ्याकडे. स्वयंपाकघरात काकूंच्या शेजारी बसून मी ते करी आणि तिथूनच एकेक बाटली बाहेर पाठवी. बाहेर मेजरसाहेब, काकांचे जावई आणि आमचे हे अंदाज बांधत आणि सपाटून चुकत. काका शेवटी बोलत आणि कधीच चुकत नसत.

पाहुण्यांची ताटं एकदम वाढली जात: सुकं मटण, खिमा, भुट्ट्याचा कीस. काकांना मात्र काकू एकेका पेल्याबरोबर एकेक पदार्थ आणून देत. मला वाटे, नवऱ्याचे लाड, दुसरं काय! मी एकदा चिडवलंसुद्धा. काकू पदर सावरत म्हणाल्या, "ए बाई, इनको आदत पडली आहे. तू पापड तळ."

मी आले त्याच वर्षी उन्हाळ्यात, एका सुट्टीच्या दिवशी खालून करपल्याचा वास आला म्हणून मी धावत उतरले. काकू मागे नळावर होत्या. शेगडीवर खिमा लागला होता, आणि तिथून दोनच हातांवर, उंबऱ्यात बसून काका शांतपणे कोथिंबीर निवडत होते. काकू आल्या, त्यांनी भांडं उतरवलं आणि काकांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. वरच्यावर काढलेला तो धुरकट खिमा त्यांनी जेवणात वाढला. काका म्हणाले, "वा! आज खिमा फक्कड झालाय." मला वाटलं, काकांना सर्दी झाली असेल. एरवी "मसाला कसा झालाय?" असं विचारणाऱ्या काकू त्या दिवशी म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे ना?" पुढे त्या तेवढंच विचारू लागल्या. माझ्या ते कानावर पडे, पण मनात शिरलं नाही.

पाच वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात काकू गेल्या. त्या वर्षी बैठक होणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण काकाच म्हणाले, "तिने खोळी धुऊन ठेवल्यात. होऊ दे." स्वयंपाक मी केला, आणि सगळ्यांसारखंच काकांचंही ताट मी एकदम वाढलं.

काकांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. मग उघडले आणि ताटाकडे पाहिलं, तिथे तिन्ही पदार्थ होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "बर्गंडी," ते म्हणाले. बाटली गोव्याची निघाली. जावई हसून म्हणाले, "क्या पप्पा, ये तो मीही ओळखली!" काकांनी पेला खाली ठेवला. दुसरा पेला त्यांनी उचललाच नाही.

सगळे गेल्यावर मी ताटं उचलत होते, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, नाक जाऊन पाच वर्षं झाली. वास नाही तर चव नाही, जिभेला नुसतं मीठ तेवढं कळतं. कुणाला बोललो नाही. जबान गेली तो अपने पास बचा क्या? पहिल्या वर्षी पेला हातात घेतला आणि काहीच ओळखू येईना. तेवढ्यात ती आली, खिमा ठेवला आणि गेली. बर्गंडीला खिमा, क्लॅरेटला सुकं मटण, राहिली तिला कीस. राजवाड्याचा हा रिवाज मीच तिला नवीन लग्नात शिकवला होता. मी तिला सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. दर साल वैसाच."

मला उभ्या जागी रडू कोसळलं. मी नुसत्या तीन वाट्या ज्या त्या पेल्याबरोबर आणून दिल्या असत्या तर त्या माणसाची अब्रू राहिली असती.

पुढच्या दसऱ्याला काकांनी बाटल्या आणू दिल्या नाहीत. खोळी त्यांनी काकूंच्या ट्रंकेत ठेवून दिल्या होत्या. तो त्यांचा शेवटचा दसरा. आम्ही नुसते जेवायला बसलो. मी खिमा वाढला, त्यांनी घास घेतला आणि सवयीने "वा" म्हणाले. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, मीठ बरोबर आहे ना?"

त्यांचा हात ताटातच थांबला. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच, जावयासमोर, आम्हा सगळ्यांसमोर ते ढसाढसा रडले.