पाणीपुरी तेवढीच होती

मला माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं फसवलं. प्रभाकर त्याचं नाव. वर्धेजवळच्या आंजी मोठी या आमच्या गावच्या बसस्टँडवर त्याचा पानठेला आहे. गावातल्या ज्यांना त्याची बाजू घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी, पण आधी हे पूर्ण वाचावं. आणि आंजीहून, समुद्रपूरहून, हिंगणघाटहून जे माझ्यासारखे पुण्याला आले त्यांनी तर वाचावंच, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात आत्ताही ती पुडी असेल.

मी गाव सोडलं त्या दिवशी वर्धेची दुपारची एसटी यायची होती. मायनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून आणला होता. दादाच्या ठेल्यासमोर गिऱ्हाईकं उभी होती, म्हणून त्याचे हात चालूच होते. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घालायचा, पन्नी फळीवर दाबून घासत राहायची, आतला माल ओलसर आणि एकजीव झाला की पुडी बांधायची. याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. लग्नात, मयतीत, शेताच्या धुऱ्यावर, कचेरीच्या पायरीवर, माणूस भेटला की पुडी उघडायची आणि समोरच्यानं चिमूट घ्यायची. न घेतली तर तो नाराज आहे असं समजतात.

बस वळणावर दिसली तसा दादा ठेल्यावरून उतरला. पाच पुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं माझ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या.

"पुण्यात हा माल भेटत नाई म्हणतेत. पुरवून पुरवून खाजो. सरला की सांगजो, मी पाठोतो."

मी थोडे आढेवेढे घेतले, तर माय म्हणाली, "भावाच्या हातचं हाय सुध्या, नाई म्हणू नोको."

मी नाही म्हटलं नाही. अठरा वर्षं म्हटलं नाही.

पुण्यात मी कर्वेनगरला उतरलो. एका खोलीत पाच पोरं, सगळी तिकडचीच. पहिलं वर्ष मी एका हॉटेलात टेबलं पुसली. ते हॉटेल बंद पडलं तेव्हा मालकाला त्या टेबलांचं काय करावं कळेना. मी त्याला गिऱ्हाईक शोधून दिलं आणि तिथून माझा धंदा सुरू झाला. बंद पडणाऱ्या हॉटेलांची टेबलं, खुर्च्या, भट्ट्या, फ्रीज मी उचलतो आणि नवं हॉटेल काढणाऱ्याला विकतो. हॉटेल उघडणारा आणि बंद करणारा, दोघंही घाईत असतात. मी घाईत नसतो. पुण्यात मला हा धंदा कोणी शिकवला नाही आणि कोणी हात दिला नाही. माझं तोंड, एवढंच माझ्याकडे होतं. मी बोलायला लागलो की समोरचा अर्ध्या तासात घामाघूम होतो, हे मी स्तुती म्हणून सांगत नाही, माझ्याशी व्यवहार केलेल्यांना विचारा.

माल घेताना माझा एक नियम आहे. विकणाऱ्याला त्याच्याच खुर्चीत बसायला सांगायचं. तो बेतानं टेकला की समजायचं, पाय मोडका आहे. आंबे घेतानाही मी आधी आंबेवाल्याला फोड खायला लावतो. जो स्वतःचा माल तोंडात घालत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये. हा नियम मी शेकडो लोकांना सांगितला. तरुण पोरांना चहा पाजून समजावून सांगितला.

सुरुवातीला पुण्याच्या खाण्याला मी भरपूर नावं ठेवली. आमटीत गूळ, भाजीत साखर, आणि पोह्यांवर खोबरं! आमच्याकडे पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात. मी इथं पहिल्या दिवशी तर्री मागितली तर गाडीवाल्या बाईंनी "ती काय असते?" असं विचारलं. मी खोलीवर येऊन सगळ्यांना सांगितलं की या लोकांना खाता येत नाही. पण पोट हळूहळू वळतं. वर्षभरात मला काकडी घातलेली साबुदाणा खिचडी आवडायला लागली. मग अळूची भाजी, मग कोपऱ्यावरच्या कदमांची मिसळ. धंदा वाढला तशी कर्वेनगरची अख्खी खाण्याची गल्ली माझी झाली. डोसेवाल्याचा तवा माझ्याकडून गेलेला, मोमोवालीचं स्टीलचं टेबल माझ्याकडून, चायनीजवाल्याच्या खुर्च्या माझ्या. कुठंही बसलो तरी मी माझ्याच खुर्चीत बसून खात होतो. सकाळी भाकरी बांधून घराबाहेर पडणाऱ्या माणसाला बाहेर बसून खाण्याची ऐट काय असते, हे तुम्हाला तिकडं बसून समजणार नाही. आम्ही लहानपणी वर्धेला गेलो तरी माय बांधलेली शिदोरी स्टँडवरच सोडायची आणि म्हणायची, "हाटेलात काय सोनं वाढतेत काय?"

आणि काहीही खाल्लं की वरून दादाची पुडी. दर महिन्याला ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडून पार्सल यायचं. खर्र्यावर सरकारी बंदी आली तरी ते थांबलं नाही. पार्सल सोडलं की खोलीभर तो वास, आणि पाच मिनिटं आम्ही सगळे आंजीच्या स्टँडवर. लग्न झालं, स्वतःचा फ्लॅट झाला, तरी पार्सल चालू. वंदना, माझी बायको, चिडायची. मी तिला सांगायचो, माझं गाव एवढंच येतं इथपर्यंत, तेवढं तरी येऊ दे.

तीन वर्षांपूर्वी कदमांची मिसळ मला झोंबायला लागली. मी वर्धेचा माणूस. कच्ची मिरची भाकरीबरोबर चावणारा. मला पुण्याची मिसळ झोंबते? मी सरळ कदमांना गाठलं.

"मसाला बदलला तुम्ही. स्वस्तातलं तिखट आणलंय. त्यात रंग आहे."

"अहो, वीस वर्षं एकाच गिरणीतून येतंय," कदम म्हणाले.

"मग गिरणीवाला बदलला असेल."

"साहेब, बाकी पन्नास माणसं गुपचूप खातायत. तुम्हीच तेवढे खरे?"

मी ताट सरकवून उठलो. सहा महिने तिथं पाय ठेवला नाही, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं की कदमांकडे भेसळ आहे. मग डोशाच्या चटणीवरून भांडलो. मग मोमोच्या लाल चटणीवरून. हे शहर माझ्यासारख्याला हळूच फसवतंय अशी माझी खात्रीच झाली.

शेवटी पाणीपुरी. माझी मुलगी आर्या बारा वर्षांची आहे. दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं पाणीपुरी खायला जातो आणि कोण जास्त खातो याची पैज लावतो. त्या रविवारी पहिलीच पुरी माझ्या तोंडात जाईना. दातांवर अडकली, फुटली आणि सगळं पाणी शर्टावर. दुसरी तशीच. मी गाडीवाल्यावर ओरडलो, की तू पुऱ्या मोठ्या केल्यास, एका प्लेटला सहाच्या जागी पाच द्यायचा तुझा डाव आहे, मी धंद्यातला माणूस आहे, मला शिकवू नकोस.

तो शांतपणे म्हणाला, "अंकल, पुरी तो वही है। आप का मुँह छोटा हो गया है।"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो असतो, पण आर्या हसत नव्हती. तिनं एक पुरी उचलली, माझ्याकडे बघत अख्खी तोंडात घातली आणि तोंड मिटलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आता शिट्टीपण वाजवत नाही."

वाजवत नव्हतो. वाजत नव्हती.

दाताच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दोन गेली, तीही दात घासत. "अजून उघडा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "एवढंच." त्यांनी समजावून सांगितलं, की सुपारीनं गालाच्या आतलं मांस चामड्यासारखं ताठ होतं. आधी तिखट सहन होत नाही, मग तोंड आखडत जातं. व्यायाम करा, औषध चालू ठेवा, दर काही महिन्यांनी दाखवायला या, कारण यातून पुढे वाईटही निघू शकतं. पुडी आजपासून बंद. तोंड पूर्वीसारखं होईल असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

मी भाव केला. सवयच आहे. "तीन नाही, निदान अडीच बोटं?"

त्यांनी मान हलवली. "जेवढं आहे तेवढं टिकवू या."

लोकांना अर्ध्या तासात घाम फोडणारा मी तिथं खुर्चीत बसून राहिलो. त्या टेबलाच्या पलीकडे विकणारं कोणी नव्हतंच.

मग मी गावी गेलो. मायनं वांग्याची भाजी केली होती. पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिला आधी वाटलं मला घरची आठवण होऊन भरून आलं. कळलं तेव्हा ती उठली, बिनमिरचीचं वरण केलं, त्यात भात कुस्करला आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. "लहानपणी असाच खात होता तू," म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. मी तो भात चमच्यानं खाल्ला. अठरा वर्षं बाहेर राहून घरी जेवायला आलेला माणूस!

दुपारी ठेल्यावर गेलो. दादा खर्रा घोटत होता.

"दादा, तोंड उघडत नाई माह्यं."

"मायनं सांगतलं आत्ता फोनवर." हात चालूच. "सोडून दे ना मंग आता."

एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "सुधाकरभाऊ पुण्याचे झाले, आता तोंडबी पुण्याचंच बारीक केलं काय?"

मी त्याला तिथंच धरला असता, पण मला दादाशी बोलायचं होतं. "तू अठरा वर्षं पाठोला मले."

"अन् फोन कोण करत होता? ‘दादा, सरला, पाठोव.’ मी काय तुह्या तोंडात कोंबला काय? तुह्यासाठी सुपारी अलग काढून ठेवत होतो, बाप्पा. तंबाखू कमी टाकत होतो."

हे खरं आहे. फोन मीच करत होतो. आणखी एक खरं आहे, ते मी लपवणार नाही. बाप गेल्यावर याच ठेल्यानं आम्हाला जगवलं. माझ्या शाळेची पुस्तकं, मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मी पुण्याला निघालो तेव्हाचं तिकीट, सगळं त्या पन्नीतून घोटून निघालेलं. म्हणून मला त्या ठेल्याला लाथही मारता येत नाही. 

पण मग मला माझा नियम आठवला. लहानपणी मी दादाला एकदा विचारलं होतं की तू का नाही खात? तो म्हणाला होता, "दुकानदारानं आपलाच माल खाल्ला त धंदा बसते." मला ते इतकं पटलं होतं की मी त्याला हुशार समजायला लागलो. धंद्याची पहिली अक्कल मला त्याच्याकडून मिळाली असं मी सांगत फिरायचो. आंबेवाल्याला फोड खायला लावणाऱ्या मला सख्ख्या भावाचं मिटलेलं, स्वच्छ तोंड कधी दिसलं नाही. आजही त्याचे दात पांढरे आहेत. पंचावन्नाव्या वर्षी तो अख्खा पेरू चावून खातो.

मी विचारलं, "दादा, तू काऊन नाई खाल्ला कधी?"

तेव्हा पहिल्यांदा त्याचे हात थांबले. क्षणभरच. मग म्हणाला, "गिऱ्हाईक हाय समोर. मंग बोलू."

मग बोललो नाही. संध्याकाळी तो मला बसवर सोडायला आला. बस दिसली तसा त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला, तिथं थांबला आणि रिकामाच खाली आला. "पोचला की फोन करजो," म्हणाला.

कर्वेनगरच्या गल्लीत मी आता काय करतो तेही सांगतो. कदमांची माफी मागितली. ते मला मिसळ देत नाहीत, दहीभात देतात. रविवारी आर्या माझ्या वाटणीच्या पुऱ्या वाटीत कुस्करते, गाडीवाला त्यावर मिरची नसलेलं पाणी घालतो आणि मी चमच्यानं खातो. ती पैज लावत नाही. एवढी खाण्याची गल्ली माझ्या खुर्च्यांवर बसून जेवते आणि मी बाजूला उभा राहून बघतो. पार्सल बंद आहे. आता घर म्हटलं की मला मायचा हात आठवत नाही, स्टँड आठवत नाही, तो वास आठवतो आणि गाल आतून ओढतो.

दादा, तू मला फोनवर टाळशील म्हणून इथं लिहितो. हे गावातलं कोणी ना कोणी तुझ्या ठेल्यावर वाचून दाखवेलच. तेव्हा घोटणं थांबव आणि त्या गिऱ्हाईकांसमोर उत्तर दे. मला माफी नको, तुझा ठेलाही बंद करायचा नाही. एवढंच सांग, धंदा बसेल म्हणून तू खात नव्हता, की तुले पहिल्यापासून मालूम होतं?