अनसूयेचा कडू घास

रिहे खोऱ्यात ज्या घरी माणूस जातं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. मसणवटीतून परतलेल्यांसाठी जेवण शेजारून, भावकीतून येतं. त्याला कडू घास म्हणतात. कडू त्यात काही नसतं. पिठलं, भाकरी, कधी भात आणि साधं वरण. फोडणी देत नाहीत, कारण मोहरी तडतडल्याचा आवाज त्या दिवशी कुणालाच सोसत नाही.

पूर्वी सगळी आळी मिळून हे जेवण करी. आता सुना पिरंगुटच्या कंपन्यांत कामाला जातात, पोरं हिंजवडीकडे, आणि दिवसा घरात म्हातारी माणसं आणि कुलुपं उरतात. त्यामुळे गेली अठरा वर्षं कडू घास अनसूयेकडे आहे. भल्या पहाटे फोन वाजला आणि पडद्यावर गावातलं नाव दिसलं की ती आधी पिठाचा डबा खाली घेते, मग फोन उचलते. पलीकडचा माणूस एक-दोन शब्द बोलून थांबतो. पुढचं तिला सांगावं लागत नाही.

अनसूया बावन्न वर्षांची. नवरा कोंडीबा एका शेतघराची राखण करतो. पुण्याचे मालक महिन्यातून एकदा येतात, बाकी दिवस तो त्यांच्या गवताला पाणी घालतो आणि त्यांच्या कुत्र्याशी बोलतो. घरात दोघंच. हे काम सासूनं तिच्या हाती दिलं, तेव्हा सासू एवढंच म्हणाली होती, "आता हितून पुढं तू कर. तुझा हात निर्मळ हाय." ते वाक्य अनसूयेनं जपून ठेवलं होतं. एरवी तिला कुणी फारसं काही चांगलं म्हटलेलं नव्हतं.

कारण कडू घासाला कुणी चांगलं म्हणत नाही. लोक मान खाली घालून खातात, हात धुतात, उठतात. वाढणारीही बोलत नाही. अठरा वर्षांत तिनं किती माणसांना जेवू घातलं असेल, पण त्यातल्या एकानंही तिच्याकडे वर मान करून पाहिलं नव्हतं.

मागच्या पौषात खालच्या आळीतले एक गृहस्थ गेले. त्यांच्या मुलाच्या ऑफिसातली चार-पाच माणसं मारुंजीहून आली होती. त्यात अपेक्षा नावाची लातूरकडची मुलगी होती, तिशीच्या आतली. ओटीवर पंगत बसली. अनसूया पिठलं वाढून पुढे सरकली आणि मागून आवाज आला.

"काकी, अजून थोडं मिळेल?"

बायका थिजल्या. कडू घास दुसऱ्यांदा मागायचा नसतो. मागितला तर तो परत खायची पाळी येते, असं मानतात. चंद्राबाई म्हातारी पुटपुटली, "शहरातली हाय. तिला काय ठावं."

अनसूया क्षणभर पातेलं धरून उभी राहिली. मग तिनं तळाला लागलेलं, खरपूस झालेलं पिठलं उलथन्यानं सोडवलं आणि मुलीच्या ताटात घातलं.

दोन आठवड्यांनी तीच मुलगी स्कूटीवरून घर विचारत आली. मारुंजीत ती आणि आणखी मुली भाड्यानं राहत होत्या. तिथलं मेसचं जेवण, वरून तेल, खाली पाणी, असं ती सांगत होती.

"काकी, तुम्ही डबे सुरू करा. आणि छोट्या ऑर्डरी घ्या. वाढदिवस, वास्तुशांत. आमच्या सोसायटीत रोज काहीतरी असतं. मी माणसं मिळवून देते."

कोंडीबा दारात बिडी विझवत म्हणाला, "मालकाच्या कुत्र्यालापण हिच्या हातची भाकर आवडती. त्याचंबी नाव लिवून घ्या."

"तुमी गप बसा वो," अनसूया म्हणाली. पण त्या दिवशी ती दुपारभर हसतमुख होती, आणि तिला हसतमुख पाहून कोंडीबाला थोडी भीतीच वाटली.

ठरलं असं की आधी एक ऑर्डर करून बघायची. जमली तर डबे सुरू करायचे, नाही तर विषय सोडायचा. अपेक्षाच्या मोठ्या बहिणीचं, अपूर्वाचं, डोहाळजेवण होतं. ती त्याच सोसायटीत राहायची. चाळीस माणसं. मसालेभात, भरली वांगी, पुऱ्या, शेवयांची खीर.

अनसूया आठवडाभर नीट झोपली नाही. घरात दोघांपुरतं ती रोजच रांधत होती, फोडणी घालत होती, आमटी चाखत होती. पण मोठ्या पातेल्याशी तिचं नातं वेगळं होतं. मोठं पातेलं म्हणजे कुणीतरी गेलेलं. ते चुलीवर चढलं की तिचे ओठ आपोआप मिटत, पावलं हलकी होत. त्या सकाळी आंबेमोहोर धुऊन ठेवला, तेल तापलं, आणि मोहरीची मूठ पातेल्यावर धरून ती तशीच उभी राहिली. तेलातून धूर यायला लागला.

"अगं, टाक की," कोंडीबा म्हणाला. "ऐकणारं कोण हाय हितं?"

तिनं मोहरी टाकली.

शेजारच्या भरे गावच्या निलेशचा टेम्पो होता. त्यानं पातेली दोरीनं बांधली आणि ते मारुंजीला पोचले. सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये हिरव्या साडीतली अपूर्वा फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. तिची आई उषाताई लातूरहून येऊन राहिली होती, बाळंतपण आटोपेपर्यंत. चेहऱ्यानं धारदार, पण बोलायला मोकळी.

जेवण उत्तम झालं. हे तिथल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. वांगी संपली. एका बाईनं भाताला कुठला तांदूळ म्हणून चौकशी केली. उषाताई स्वतः येऊन म्हणाल्या, "बाई, खीर आटवावी तर तुमीच. माझ्या माहेरची आठवण झाली बघा." अनसूयेनं पदर सारखा केला आणि रिकाम्या टोपात उगाच डाव फिरवला.

मग ती निघाली. पातेली टेम्पोत गेली होती. हॉलचं दार ओलांडलं, कोपऱ्यातल्या नळावर पायांवर पाणी घेतलं, तोंडावरून ओला हात फिरवला, आणि मागे न बघता चालू लागली.

"अहो बाई!"

उषाताई दारात उभ्या होत्या. "तशाच निघालात? येते म्हणायची पद्धत न्हाई का तुमच्याकडं?"

अनसूया जागच्या जागी थांबली. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. दुखवट्याच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत. तिथे परत यायची वेळ कुणावर येऊ नये. नळावर पाय धुवायचे, वळून पाहायचं नाही. अठरा वर्षं ती मोठी पातेली उचलून अशीच निघत आली होती. पायांनी त्यांना ठाऊक असलेली एकच वाट धरली होती, आणि आत, झोपाळ्यावर, सात महिन्यांची पोटुशी बसली होती.

"येते," ती म्हणाली. तोंडातल्या तोंडात. आणि असं विचारून घेतलेलं येते काही कामाचं नसतं, हे दोघींना माहीत होतं.

त्यात निलेश मदतीला धावला. त्याला वाटलं, काकीला शहरातली बाई रीत शिकवते आहे. तो टेम्पोतून उतरून अभिमानानं म्हणाला, "मावशी, साधं माणूस न्हाई हे. सगळ्या खोऱ्यात कुणाचं माणूस गेलं की पैला फोन काकीला. हिच्यासारखा कडू घास कुणाला जमत न्हाई. लई नाव हाय."

उषाताई आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. काचेचं दार होतं. त्यांनी लेकीच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलेलं बाहेरून दिसलं.

परतताना घोटवडे गावाशी आल्यावर निलेश म्हणाला, "काकी, माझं काय चुकलं का?"

"न्हाई बाबा. तू खरं तेच बोलला."

पाचव्या दिवशी अपेक्षाचा फोन आला. ती आधी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, "काकी, दहा डबे पक्के आहेत. मुली मागेच लागल्यात. फक्त एक आहे. म्हणजे मी मानत नाही हां, पण आईनं सगळ्यांना सांगितलंय, आणि एक-दोघी जरा… तुम्ही ते दुसरं काम बंद कराल का? पूर्णच?"

"आणि अपूर्वा?"

"ती मजेत आहे. रोज भात मागते तुमच्यासारखा."

अनसूयेनं एक दिवस मागून घेतला.

तिला डबे करायचे होते. हे तिनं कोंडीबाला सांगितलं नाही, पण पीठ मळताना, झाडताना, ती मनात दहा ताटं वाढत होती आणि दहा तोंडं तिच्याकडे बघत होती. अडचण एकच होती. आपण सोडलं तर गावाला कडू घास कोण घालणार? कुणीतरी हाती घेतलं पाहिजे. सासूनं तिच्या हाती दिलं, तसं तिनंही कुणाच्या तरी हाती द्यायला हवं. तिच्या डोळ्यांसमोर प्राजक्ता आली. चार घरं सोडून राहणारी, चंद्राबाईची सून. चटपटीत, हाताला चव, आणि कंपनीतली पाळी दुपारी सुटायची.

प्राजक्ता उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. अनसूयेनं इकडचं तिकडचं न करता विचारलं.

"मला न्हाई जमायचं, काकी."

"भाकरी तर माझ्यापरीस चांगली करतीस."

"भाकरीचं काय वो! मला दोन लेकरं हायेत. त्या घरातली भांडी उचलून मी माझ्या दारात आणू व्हय?"

"मी आणतेच की. अठरा वर्सं झाली."

"तुमचं येगळं हाय."

"काय येगळं?"

प्राजक्ता बोलून गेली. त्या वयाची माणसं बोलतात तशी, ठरवून नाही. "आत्याबाई म्हणत्यात की. तुमच्या दारात ते मागं मागं आलं, तरी धरणार कुणाला?"

मग तिचा हात थांबला. लसणाची पाकळी बोटांतून निसटली. "काकी, तसं न्हाई. मी आपलं ऐकलेलं सांगितलं. बसा ना, च्या टाकते."

अनसूया बसली. चहा घेतला. साखर जास्त पडली होती. सासूनं हे काम हाती दिलं ते वर्ष तिला आठवत होतं. त्याच वर्षी, उन्हाळ्यात, पुण्याच्या दवाखान्यात मूल होण्यासाठी चाललेल्या उपचारांची फाइल डॉक्टरीणबाईंनी मिटली होती आणि आता खर्च करू नका म्हणून सांगितलं होतं. दोन गोष्टी तिनं आजवर कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. कुठल्या लग्नात हळदीला तिला कुणी बोलावलं होतं का, हेही तिनं आठवून पाहिलं. जेवायला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात नाही. निर्मळ म्हणजे सासूला काय म्हणायचं होतं ते आता विचारायची सोय नव्हती.

ती उठली. "येते गं," म्हणाली, नीट, ऐकू जाईल असं.

रस्त्यानं खाचरं कोरडी पडली होती. भाताची खुंटं करडी दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडे कुणा परक्या मालकाच्या शेतघराचे निळे दिवे दिवसाढवळ्या जळत होते. कोंडीबा दारात वाट बघत होता.

"काय म्हणली?"

"न्हाई म्हणली."

"का?"

"तिला लेकरं हायेत."

कोंडीबानं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्याला हे आधीपासून माहीत होतं की काय, हे तिच्या मनात आलं. तिनंही विचारलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात अशी किती तरी भांडी झाकून ठेवलेली असतात.

"अपेक्षाला फोन लावा," ती म्हणाली. "सांगा, सोमवारपासनं."

"आणि हिकडलं?"

"हिकडलं बंद."

"रागानं करतीयेस का?"

"ठावं न्हाई. लावा तुमी."

सोमवारी डबे सुरू झाले. सकाळी नऊला निलेश रस्त्यावर टेम्पो थांबवून पिशवी नेई, संध्याकाळी डबे परत आणून देई. पहिले दिवस भाजीत मीठ कमी-जास्त झालं, मग हात बसला. गावात कुणी काही बोललं नाही. बंद केल्याचं तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं. कुणाच्या घरी जाऊन सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं?

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, सात वाजता फोन वाजला. वरच्या वाडीचा माणूस, नात्यानं लांबचा दीर. अनसूयेच्या हाताला मटकीची उसळ लागली होती. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबला.

"वहिनी, आमची म्हातारी…" तो बोलला आणि थांबला.

नेहमीसारखाच थांबला. पुढचं तिला सांगायचं नसतं. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, एक उंच, एक घोगरं, आणि कोंबडा आरवत होता.

"भावजी," ती म्हणाली, "मला जमायचं न्हाई."

"बरं न्हाई का?"

"बरी हाय. मी सोडलं ते."

त्यानं कारण विचारलं नाही, विनवलं नाही. विनवलं असतं तर तिला काहीतरी बोलता आलं असतं.

"बरं," तो म्हणाला.

पण फोन त्यानं ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. अशा वेळी काय म्हणून फोन ठेवायचा, हे त्याला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. तो श्वास घेत होता. तिच्यासमोर दहा डबे उघडे होते, सहा भरलेले, चार रिकामे, आणि उसळीची वाफ खिडकीकडे जात होती.

शेवटी कोंडीबा उठला. त्यानं तिच्या खांद्यावरून फोन काढून घेतला, दाराबाहेर गेला आणि हळू आवाजात विचारलं, "मयत किती वाजता काढायचं?"