पाचव्या दोरीचा ताण

बुधवारी निघाले होते डोळे तपासायला आणि पोचले पॅराशूटपाशी... नात प्रज्ञा मला मुलुंडहून डॉक्टरकडे नेत होती, पण वाटेत घाटकोपरला तिच्या कामाच्या गाळ्यात थांबावं लागलं. हे मी बोलतेय, टाइप तीच करतेय. मला वाचता येत नाही, पण तिचं बोट अडखळलं की लगेच कळतं.

तिथं ड्रोनसाठी छोटी पॅराशूटं बनवतात. ड्रोन हवेत बंद पडलंच तर कुणाच्या डोक्यात आदळू नये म्हणून. छत्री वर टांगलेली, आठ दोऱ्या खाली एकत्र बांधून वजन लावलेलं, आणि प्रत्येक दोरीला ताण मोजायचं मीटर. प्रज्ञा म्हणाली, सगळ्यांवर जवळपास सारखाच आकडा... पाचवीवर मात्र निम्मा.

तिचे साहेब म्हणाले, "मीटर बिघडलंय. पास लिही आणि सही कर, माल उद्या जायचाय."

प्रज्ञाने पेन उचललंसुद्धा!

मी उठले. पाचवी दोरी दोन बोटांनी दाबली, मग शेजारची. गावाकडे झोपायच्या ढीगभर बाजा दोरीने विणल्यात मी... "ही ढिली आहे गं. नवीन घातलीय का?"

घातली होती. जुनी झिजली म्हणून सकाळीच बदललेली. बाकीच्या आधीच्या टेस्टमध्ये ताणून झालेल्या, ही रिळावरून थेट. अगं, नवी दोरी ओढून ताणून घेतल्याशिवाय आम्ही बाजेला भरत नव्हतो... माणूस बसला की झोळी होते तिची!

साहेब हसले. "आजी, तुम्हाला हे आकडे वाचता येतात का?"

"नाही येत. तुम्हाला येतात ना? मग वाचा की!"

प्रज्ञाने पाचवं आणि सहावं मीटर अदलाबदल करून लावलं. पाचवीवर पुन्हा निम्माच आकडा. मीटर बिचारं निर्दोष...

तरी साहेबांचं तेच. "सही कर. नोकरी नकोय का तुला?"

पोरीने पेन कागदावर टेकवलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "प्रज्ञा, मी जन्मभर न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे दिलेत. तू वाचता येणाऱ्या कागदावर खोटी सही करणार असशील, तर तुझ्या पदवीपेक्षा माझा अंगठा बरा!"

तिने 'नापास' लिहिलं. साहेब फोन घेऊन तणतणत बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवी दोरी ताणून पुन्हा टेस्ट करायला सांगितलं म्हणे. नसतं सांगितलं तरी आम्ही काही उपाशी मरत नव्हतो...

डॉक्टरची वेळ गेली ती गेलीच. पण त्या 'नापास'खाली सही करायच्या आधी प्रज्ञाने तो कागद मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. इतके अंगठे दिले मी... आधी वाचून दाखवणारी हीच पहिली.