बाजरीवर जेसीबी, भिंतीला स्टे

मंडळी, राग आवरत नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

आज सकाळी आमच्या गावच्या गायरानात जेसीबी आला. कोर्टाच्या आदेशानं अतिक्रमणं काढायची, असं सोबत आलेले महसूलचे साहेब म्हणाले. मला वाटलं, आदेश सगळ्यांना सारखाच असणार.

पहिली गेली यमुनामावशीची बाजरी. मावशीला स्वतःची गुंठाभर जमीन नाही. आमच्या रानाशेजारचा गायरानाचा खडकाळ तुकडा ती वर्षानुवर्षं कसते. ऊसतोडीला जायच्या आधी ती बाजरी काढणार होती. कणसं भरली होती. "सायेब, थोडे दिस थांबा, एवढी काढून घेते," ती हात जोडून सांगत होती. कुणी थांबलं नाही.

मग जेसीबी एका पुढाऱ्याच्या मंगल कार्यालयाच्या भिंतीपाशी गेला आणि तिथूनच वळला. भिंत त्याच गायरानात आहे.

"साहेब, ही भिंत?" मी विचारलं.

"त्यांनी हायकोर्टातून स्टे आणलाय. तुम्हीही आणा."

मावशी पुढं झाली. "ते कोर्ट कुठं हाय, सायेब?"

"संभाजीनगरला."

"मला आधी कुनी सांगितलं आस्तं, तर चालत गेले आस्ते."

साहेब गाडीत बसून निघून गेले. मावशीला साधी नोटीससुद्धा मिळाली नव्हती.

भूमिहीनांचा वेगळा विचार करा, असंही कोर्टानंच सांगितलेलं आहे. पण आमच्याकडं निकालातलं पाडायचं तेवढंच वाचतात.

दुपारी मावशीला तालुक्याच्या वकिलाकडं नेलं. तो तुकडा मावशीच्या नावावर व्हावा म्हणून अर्ज करता येईल, असं ते म्हणाले, पण बाजरी गेली ती गेलीच.

खरं सांगा, तुमच्या गावात कायदा आधी कुणाच्या दारात येतो?